आगोटीच्या यादीत संगणकही हवा

मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांना आगोटीचे वेध लागतात. कौले परतली जातात, अंगणाकडेची गटारे मोकळी होतात, पडवीला झापे किंवा प्लास्टिक लागते. लाकूडफाटा खोपीत जातो. सुकी मासळी, कोकम, पापड, मसाला, मीठ डब्यांत भरून ठेवले जाते. पुढचे चार महिने पाऊस आपल्याला विचारून येणार नाही, हे ओळखून केलेली ही पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र घरात एक नवी चीजवस्तू आली आणि तिचे नाव या यादीत अजून चढलेले नाही. ती म्हणजे घरातला संगणक, लॅपटॉप, मोबाइल आणि त्यांच्या पोटात साठलेला ऐवज.

या ऐवजाची किंमत आपण सहसा यंत्राच्या किमतीवरून ठरवतो. फोन बिघडला म्हणजे वीस हजार गेले, असे म्हणतो. यंत्र नवे घेता येते. त्यातले नातवाचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो, गेलेल्या आजीच्या आवाजातील ओव्या, वडिलांच्या आजारपणातले सहा वर्षांचे रिपोर्ट, जमिनीच्या वाटणीची स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

चिपळूणकरांना हे वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले आणि तळमजलेच्या तळमजले बुडाले. वीज गेली, मोबाइल बंद पडले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर चिखलात जे ढीग पडले, त्यांत गाद्या, फ्रिज, धान्य यांच्याबरोबर संगणक होते, हिशेबाच्या वह्या होत्या आणि अल्बमही होते. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही २००५ पाठोपाठ दुसऱ्यांदा पुराचा तडाखा बसला. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडवली आणि काही गावे कित्येक आठवडे विजेविना राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. चौदा महिन्यांत तीन संकटे आली. पुढचे कधी येईल ते सांगता येत नाही, पण ते येणार हे धरून तयारी करणे आपल्या हाती आहे.

या तयारीला फार पैसे लागत नाहीत आणि संगणकतज्ज्ञही लागत नाही. मृगापूर्वीच्या तीन-चार संध्याकाळी पुरतात. मात्र नेमके काय करायचे आणि ते का करायचे, हे समजून घ्यायला हवे.

मिठाला पाणी सुटते तेव्हा

पुरापेक्षा संथ, पण दर वर्षी न चुकता येणारा शत्रू म्हणजे दमट हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला या दिवसांत पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतः विरघळते. हाच प्रकार संगणकाच्या आतही होतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरात येतात आणि धुळीबरोबर सर्किटवर बसतात. उन्हाळ्यात ते कोरडे असतात, त्यामुळे निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटते. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने शेजारच्या दोन बारीक तारांमध्ये नको तिथे वीज वाहू लागते, तांबे हिरवे पडते आणि एक दिवस यंत्र सुरूच होत नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर लवकर का बिघडतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

यावरचा उपाय त्याच शास्त्रात आहे. हवा तापली की तिची पाणी सामावून घेण्याची ताकद वाढते. २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३२ अंशांपर्यंत गरम झाली, तर तीच आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते, म्हणजे मिठाला पाणी सुटण्याच्या मर्यादेखाली. सुरू असलेला संगणक स्वतःच्या उष्णतेने आतली हवा सहज तेवढी तापवतो. म्हणून पावसाळ्यात संगणक, लॅपटॉप, प्रिंटर दिवसाआड तरी अर्धा-पाऊण तास चालू ठेवावेत. मुंबईकरांच्या बंद घरात चार महिने झाकून ठेवलेला संगणक गणपतीत सुरू होत नाही, तेव्हा तो वापराने झिजलेला नसतो, न वापरल्याने ओलावलेला असतो.

आणखी काही साध्या गोष्टी आहेत. पावसाळ्यापूर्वी कोरड्या दिवशी, प्लग काढून, मऊ ब्रशने आतली धूळ काढून घ्यावी. धूळ गेली की तिच्याबरोबरचे मीठही जाते. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये, वीतभर अंतर सोडावे. जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात. संगणकावर प्लास्टिकचे आवरण घालू नये, कारण ते पाणी बाहेर ठेवते तसे दमट हवा आतही कोंडते. सुती कापड बरे. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, कॅमेरा या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. औषधांच्या डब्यांत, नव्या चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या पुड्या साठवल्या तरी चालतील. मात्र त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एसीच्या थंडगार खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आणलेल्या फोन-कॅमेऱ्यावर लगेच दव जमते. दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच तो सुरू करावा वा चार्जिंगला लावावा.

येणारी, जाणारी आणि कोसळणारी वीज

कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त चमकतात. आपण भरवसा ठेवतो तो 'स्पाइक गार्ड' नावाच्या एक्स्टेंशन बोर्डवर. तो लहानसहान झटके झेलतो, पण जवळच कोसळलेल्या विजेपुढे तो काहीच करू शकत नाही. प्लग काढून ठेवण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. तो वादळ डोक्यावर येण्याआधी करायचा आहे. विजा चमकत असताना तारांना हात लावणे धोक्याचे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि तिचा पुढचा लोळ आपल्या दारातही पडू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोफत ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. शेतावर, बागेत जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायलाच हवे.

प्लग काढताना केवळ विजेचा काढून भागत नाही. डिश टीव्हीची केबल, टेलिफोनची तांब्याची तार, राउटरकडून संगणकाकडे येणारी केबल यांतूनही झटका आत येतो. फायबरची तार काचेची असल्याने तिच्या गाभ्यातून वीज येत नाही, पण राउटरचा ॲडाप्टर भिंतीतल्या प्लगलाच जोडलेला असतो. तोही काढावा.

वादळात झाड पडून तार तुटते तेव्हा दुसराच धोका असतो. न्यूट्रल तार तुटली, तर घरात २३० ऐवजी त्याहून पुष्कळ जास्त दाब येऊ शकतो. एखादा दिवा अचानक नेहमीपेक्षा झगझगीत पेटला, पंखा वेड्यासारखा फिरू लागला, की विचार करत बसू नये, मेन स्विच बंद करावा आणि महावितरणला कळवावे. बऱ्याच तासांनी वीज परत आली, तरी पहिली दहा मिनिटे फक्त एखादा दिवा चालू ठेवून दाब स्थिरावू द्यावा. संगणक, फ्रिज, टीव्ही नंतर सुरू करावेत.

टेबलावरच्या संगणकाला लहान यूपीएस जोडलेला असावा. त्यावर तासभर काम करायचे नसते, हातातले काम साठवून संगणक नीट बंद करण्यासाठी मिळणारी दहा मिनिटे वापरायची असतात. ऐन लिहिण्याच्या क्षणी वीज गेल्यास फाइल तर बिघडतेच, कधी सगळी डिस्क वाचता येईनाशी होते. घराचे अर्थिंगही याच सुमारास वायरमनकडून तपासून घ्यावे. कातळावरच्या घरांना चांगले अर्थिंग मिळणे मुळात कठीण असते. मीटरच्या पेटीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घेतला, तर ओल्या भिंतीतून किंवा खराब उपकरणातून वीज उतरताच तो पुरवठा तोडतो. हा खर्च संगणकापेक्षा घरातल्या माणसांसाठी आहे.

तीन प्रती, त्यातली एक मुंबईला

इतके करूनही यंत्र बिघडणार, चोरीला जाणार किंवा बुडणार आहे असे समजून पुढचे काम करायचे. जगभर यासाठी एक सोपे सूत्र वापरले जाते: प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. पहिली प्रत आपल्या फोनमध्ये वा संगणकात असतेच. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. तिसरी आपल्या घरापासून लांब असावी, म्हणजे एकाच पुरात किंवा एकाच आगीत तिन्ही जाणार नाहीत.

आधी निवड करावी. घरातला सगळा साठा तीन ढिगांत वाटता येतो. पहिला ढीग, पुन्हा कधीच न मिळणाऱ्या गोष्टींचा: फोटो, आवाज, पत्रे, मुलांची चित्रे. दुसरा, खटपटीने परत मिळणाऱ्या गोष्टींचा: दाखले, जमिनीचे कागद, विमा, वैद्यकीय रिपोर्ट. तिसरा, सिनेमे, गाणी, शुभेच्छांचे संदेश यांचा. तिसऱ्या ढिगाकडे बघायचेच नाही. पहिले दोन ढीग बहुतेक घरांत एका साध्या हार्ड डिस्कवर मावतात.

तिसरी प्रत लांब ठेवण्याचे काम कोकणी माणसाला तर फारच सोपे आहे. आपले निम्मे घर मुंबईतच असते. मे महिन्यात चाकरमानी येतात, परतताना आंब्याची पेटी नेतात. त्या पेटीबरोबर एक हार्ड डिस्कही जाऊ द्या. दोन डिस्क घेतल्या तर एक गावी राहील, दुसरी मुंबईला. गणपतीला येणाऱ्याने मुंबईची डिस्क आणायची आणि गावची, ताज्या फोटोंसह, घेऊन जायचे. वर्षातून दोन फेऱ्या आपोआप होतात. मुंबईच्या घराची मौल्यवान कागदपत्रे याच मार्गाने गावीही सुरक्षित राहतील. डिस्कवर खासगी कागद असतील, तर सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते पासवर्ड लावून बंद करावेत.

काही गैरसमज दूर करायला हवेत. 'फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलाय' म्हणजे तो जपला गेला असे होत नाही. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते आणि बॅकअप चालू नसेल, तर फोन बदलताच जुने सारे संपते. 'गूगलमध्ये आहे' हेही पुरेसे नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. आता मोफत जागा १५ जीबीच मिळते आणि ती फोटो, जीमेल व ड्राइव्ह मिळून असते. ती भरली की नवे फोटो जपले जाणे थांबते. त्याची सूचना येते, पण ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर इंग्रजीत येऊन कोणी न वाचता पुसली जाते. शिवाय गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो फोनमधून आणि ऑनलाइन साठ्यातून दोन्हीकडून जातो. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करून आतला मजकूर काढून टाकू शकते. निवर्तलेल्या आई-वडिलांचे फोटो त्यांच्याच खात्यात असतील, तर ते आजच उतरवून घ्यावेत.

घेतलेली प्रत तपासावी. हार्ड डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून दहा फायली उघडून बघाव्यात. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे ट्रंकेत टाकून ठेवायची वस्तू नाही. त्यातली माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठलेली असते आणि तो भार कालांतराने झिरपतो. वर्षातून एकदा तरी तो जोडावा, फायली पाहाव्यात.

आता चाव्या. फोन पाण्यात गेला की ओटीपीही जातो आणि आपण आपल्याच खात्याबाहेर उभे राहतो. गूगल खात्याची दुहेरी पडताळणी चालू असेल, तर दहा 'बॅकअप कोड' मिळतात. ते कागदावर उतरवून ठेवावेत. पासवर्ड वहीत लिहू नये असे पूर्वी सांगत. घरातल्या माणसांसाठी कपाटात कुलपात ठेवलेली वही एकाच सोप्या पासवर्डने दहा खाती उघडण्यापेक्षा बरी. बँकेचा पिन मात्र तिथेही लिहू नये. त्याच वहीत पाच-दहा फोन नंबरही लिहावेत. फोन बंद पडला की जवळच्या माणसाचाही नंबर पाठ नसतो, हे किती जणांनी २०२१ मध्ये अनुभवले.

कागद आणि औषधे

डिजिलॉकरमध्ये संबंधित विभागाने थेट दिलेला आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांसारखा दाखला २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून तिथे चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नसतो. हा फरक लक्षात ठेवावा आणि जे दाखले 'जारी केलेले' या विभागात मिळतात, ते तिथूनच घ्यावेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो. कोकणात एका सातबाऱ्यावर डझनभर नावे असतात, ती वेळेवर उतरवून ठेवणे भाऊबंदकीतही उपयोगी पडते. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, मोडी कागद यांचे दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता फोटो काढावेत आणि मूळ कागद दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, छप्पर गळत नाही अशा ठिकाणी ठेवावेत.

फोनचा कॅमेरा हाती घेतलाच आहे, तर घरभर फिरून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढावा: फ्रिज, टीव्ही, पंप, मोटरसायकल, धान्याची कोठी, यंत्रांवरचे सीरियल नंबर. पंचनाम्याच्या वेळी आणि विम्याच्या दाव्यात हा व्हिडिओ शंभर शब्दांचे काम करतो.

आरोग्याची फाइल सर्वांत आधी तयार करावी. घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची चिठ्ठी, रक्तगट, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेची कागदपत्रे यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवून ते घरातल्या दोघांच्या फोनवर आणि मुंबईच्या नातेवाइकाकडे असावेत. पूर आल्यावर माणूस दुसऱ्या गावी, अनोळखी डॉक्टरांपुढे जातो. 'ती पांढरी गोळी सकाळी एक' एवढ्यावर रक्तदाबाचे, हृदयाचे, फिटचे औषध सुरू ठेवता येत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांची औषधे शिल्लक ठेवावीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवावे की वीज नसताना आपले इन्शुलिन किती दिवस बाहेर चालेल. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिने साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला, उन्हापासून दूर टिकतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेली बाटली थंड राहते. बर्फाला मात्र ती लागू देऊ नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

पाणी घरात शिरलेच तर

इथे एक चूक जीव घेऊ शकते. महावितरणने वीज बंद केली म्हणजे घरात वीज नाही असे नसते. इन्व्हर्टर बॅटरीतल्या विजेवर २३० व्होल्ट तयार करून घरातल्या तारांना देतच राहतो. तो जमिनीलगत असेल आणि पाणी चढले, तर गुडघाभर पाण्यात पाय टाकणारा माणूस धक्क्याने पडू शकतो. सौर पॅनेलच्या तारांतही उजेड असेपर्यंत वीज असते, मेन स्विच बंद केला तरी. म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी आताच छातीएवढ्या उंचीवर भक्कम मांडणीवर घ्यावी. पाण्याची चाहूल लागताच, पाय कोरडे असताना, आधी मेन स्विच आणि मग इन्व्हर्टर बंद करावा. पाणी चढल्यावर हे करायला आत जाऊ नये. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नये. जनरेटर घरात किंवा पडवीत लावू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि झोपेत माणूस दगावतो.

भिजलेला फोन 'चालतोय का' म्हणून सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. पाण्याने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे पाणी असताना वीज सोडल्याने होते. बंद करून, पुसून, चार्जिंगचे तोंड खाली करून पंख्याखाली ठेवावा. तांदळाच्या डब्यात फोन घालण्याचा उपाय सोडून द्यावा. तांदळाचे पीठ आत जाऊन भर पडते, ॲपलनेही २०२४ मध्ये तसे न करण्याचा सल्ला दिला. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घराबाहेर ठेवावी.

चिखलात बुडालेली हार्ड डिस्क उन्हात वाळवून जोडून बघण्याचा मोह होतो. तसे केल्यास आतला वाळलेला गाळ फिरत्या तबकडीवर ओरखडे काढतो आणि उरलेली आशाही संपते. ती न वाळवता, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. भिजलेले कागदी फोटो एकमेकांना चिकटण्याआधी स्वच्छ पाण्यात हलकेच विसळून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत एकेक वाळत घालावेत. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल, तर पूर न आलेल्या नातेवाइकाच्या फ्रीजरमध्ये पिशवीत घालून ठेवावेत आणि सवडीने सोडवावेत.

हे सर्व करताना पायात गमबूट, हातात मोजे हवेत. पुराच्या चिखलात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. पाण्यातून चाललेल्यांनी प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात लगेच विचारावे. नंतर ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये.

मदतीच्या नावाने येणाऱ्या लिंकपासूनही सावध राहावे. 'आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' किंवा 'पूरग्रस्तांच्या अनुदानासाठी येथे माहिती भरा' असे संदेश नेमके घाबरलेल्या माणसाला गाठतात. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन करावा. पैसे अडवण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

एक रविवार गावासाठी

ही तयारी ज्याला संगणक येतो त्यानेच करायची, असे ठरले तर निम्मी घरे बाहेर राहतील. विशेषतः जिथे म्हातारा-म्हातारी दोघेच राहतात आणि मुलगा वर्षातून दोनदा येतो, ती घरे. आपल्या जिल्ह्यात गावोगावी वाचनालये आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत, महिला बचत गट आहेत, ग्रामपंचायतीत संगणक आहे. मृगापूर्वीचा एक रविवार त्यांनी या कामाला द्यावा. लोकांनी फोन आणि स्वतःची पेन ड्राइव्ह घेऊन यावे. मुलांनी, मालकाच्या डोळ्यांदेखत, फोटो उतरवून द्यावेत, डिजिलॉकर उघडून द्यावे, औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून द्यावेत. ओटीपी मागायचा नाही, पासवर्ड विचारायचा नाही, एवढा नियम पाळला की झाले. दोन-तीन तासांत एका वाडीचे काम होईल. शासनाच्या आपत्ती आराखड्यांत बोटी, दोर, निवाऱ्याच्या शाळा यांचा विचार होतो. लोकांच्या कागदपत्रांचा आणि औषधांच्या नोंदींचाही व्हायला हवा, कारण पूर ओसरल्यावर घर पुन्हा उभे राहते ते याच कागदांवर.

तोवर प्रत्येक घराने निदान चार कामे या आठवड्यात उरकावीत. फोटोंची एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती मुंबईला निघालेल्या माणसाच्या हाती द्यावी. औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो दोन फोनमध्ये ठेवावेत. महत्त्वाचे नंबर वहीत लिहावेत. आणि इन्व्हर्टर जमिनीवर असेल, तर आजच तो वर उचलावा.